परिचारिका व्हायचे, पण कोठे शिकून?

बारावीचा निकाल लागला की ‘नर्सिंगला प्रवेश सुरू’ अशा जाहिराती गावोगाव झळकू लागतात. सहा महिन्यांत नर्स, हमखास नोकरी, परदेशाची संधी अशी आश्वासने त्यांत मुक्तहस्ते दिलेली असतात. एके काळी मुलीने परिचारिका होणे आपल्या समाजात कमीपणाचे मानले जाई. रुग्णसेवेला पुण्यकर्म म्हणणाऱ्यांनीच ते कर्म करणाऱ्या स्त्रीकडे पाहून नाक मुरडावे, ही विसंगती आता ओसरत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पूर्वग्रहाबरोबर विवेकही सोडून चालणार नाही. दागिने गहाण ठेवून फी भरणाऱ्या पालकांना तर फसगत परवडणारीच नाही.

परिचारिका म्हणून नोंदणी मिळवून देणारे मार्ग आपल्या देशात मुख्यतः तीन आहेत: दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. पहिल्या दोहोंस विज्ञान शाखेची सक्ती नाही. पदवीस मात्र भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर फार तर मदतनीसाचे काम मिळेल. परिचारिका म्हणून नोंदणी मिळणार नाही. हा फरक जाहिरात सांगत नाही, तो पालकांनीच विचारला पाहिजे.

ए.एन.एम. झालेल्या मुलीचे क्षेत्र प्रामुख्याने गावचे उपकेंद्र, लसीकरण आणि माता-बालकांची देखभाल हे असते. काम मोलाचे आहे. पण मोठ्या रुग्णालयात वरच्या पदावर जाण्यास किंवा परदेशी जाण्यास ते शिक्षण बहुधा अपुरे पडते. तथापि ही वाट बंद नाही. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम. करता येते आणि जी.एन.एम. झालेलीस दोन वर्षांत पदवी घेता येते. ज्या घरास एकदम चार वर्षांचा भार झेपत नाही, त्याने हा जिना पायरीपायरीने चढावा.

संस्था निवडताना इमारतीच्या रंगरंगोटीपेक्षा तिला जोडलेले रुग्णालय पाहावे. खाटा किती, त्यांवर रुग्ण किती आणि विद्यार्थिनी किती? रिकाम्या खाटांभोवती उभे राहून परिचर्या शिकता येत नाही. संस्थेस राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, याची खात्री परिषदेकडूनच करून घ्यावी. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये नवा कायदा संमत केला; परंतु नियामकाचे नाव कोणतेही असो, नोंदणीची आवश्यकता टळत नाही.

शासनालाही आम्हास दोन शब्द सांगावयाचे आहेत. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. शिफारशी दप्तरात ठेवून सेवेचे गोडवे गाणे पुरेसे नाही. मान्यता नसलेल्या संस्थांची नावे प्रवेशापूर्वीच जाहीर करणे हेही शासनाचेच कर्तव्य आहे.

रुग्णाच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या हातांना आधी नीट शिक्षण आणि मग पुरते वेतन मिळाले पाहिजे. त्यातील पहिले पारखून घेणे पालकांच्या हाती आहे. दुसऱ्यासाठी समाजाने आवाज उठविला पाहिजे.