मोरीच्या पाण्यावर कर्दळ

आपल्या वस्तीत फुलझाड लावायचे म्हटले की पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा पाण्याचा. कल्याणची कोळसेवाडी घ्या किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या चाळी घ्या, नळाला पाणी येते ते ठरावीक वेळी. त्यातले हंडाभर झाडाला घालायचे कोणत्याही गृहिणीच्या जिवावर येते. उलट मोरीचे पाणी मात्र दिवसभर मागच्या दारी वाहत असते आणि त्यावरून शेजाऱ्यांत भांडणे होतात. म्हणून या वेळी आम्ही कर्दळीबद्दल लिहीत आहोत.

कर्दळ सर्वांच्या ओळखीची आहे. केळीसारखी रुंद पाने, तांबडी, पिवळी, केशरी किंवा ठिपक्यांची फुले. ती इथलीच वाटते, पण मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली आहे. १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने तिला दिलेल्या नावात ‘इंडिका’ असले तरी ती बाहेरून आली आणि आपल्या मातीत रुजली. एकदा लावली की कंदातून वर्षानुवर्षे फुटत राहते.

लागवडीला जूनच्या पहिल्या पावसानंतरचे दिवस उत्तम. गड्डा विकत आणण्याची गरज नाही, शेजारणीकडून मागून घ्यावा. तुकड्याला दोन-तीन डोळे असावेत. माती वीतभर खोल भुसभुशीत करून त्यात थोडे शेणखत किंवा कुजलेला ओला कचरा मिसळावा आणि गड्डा चार बोटे खोल आडवा ठेवावा. दोन रोपांत हातभर अंतर हवे. जमीन नसेल तर तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा चालतो, मात्र तळाला भोके पाडावीत. रोज पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत नुसती पाने वाढतात.

आता पाण्याचे. कर्दळीला ओल मानवते. अंघोळीचे, तांदूळ-भाजी धुतल्याचे पाणी तिला चालते. कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचे पाणीही घालावे, पण पहिले सोड्याचे पाणी रोज घालू नये. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे ॲसिड असलेले पाणी अजिबात नको. आठवड्यातून एकदा साधे पाणी द्यावे, म्हणजे साबणातले क्षार मातीत साचत नाहीत.

मागे मोकळी जागा असेल तर भिंतीपासून तीन-चार हात लांब दोन फूट खोल खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे व खडी भरावी, मोरीचे पाणी त्यात सोडावे आणि भोवती कर्दळ लावावी. पाणी खाली जिरते. खडीवर आणि मुळांवर राहणारे जिवाणू त्यातली घाण खातात आणि जे खत उरते ते झाड घेते. हे आम्ही मनचे सांगत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ नावाची पद्धत तयार केली आहे, तीत कर्दळीसारखीच झाडे वापरतात. मात्र संडासाचे पाणी या खड्ड्यात सोडू नये आणि विहीर किंवा बोअरिंग जवळ असेल तर खड्डा करू नये.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो, हत्तीरोग पसरवणारा तोच. पाणी जिरले तर त्याला अंडी घालायला जागा उरत नाही. पण डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, हे विसरू नये. पिंप झाकून ठेवावे, आठवड्यातून एक दिवस कोरडे करावे आणि कुंडीखाली बशी ठेवू नये.

देखभाल थोडीच आहे. सुकलेली फुले खुडावीत. एका दांड्याचा बहर पूर्ण संपला की तो जमिनीलगत कापावा, म्हणजे बाजूचे कोंब जोर धरतात. पान गुंडाळलेले दिसले तर आत अळी असते. ते उलगडून अळी मारावी, औषध लागत नाही. पानांवर पिवळे पट्टे येऊन झाड खुरटले तर तो विषाणूचा रोग समजावा. असे झाड मुळासकट काढावे आणि त्याचा गड्डा कोणालाही देऊ नये. दोन-तीन वर्षांनी दाटी झाली की गड्डे खणून वाटून टाकावेत.

व्हिएतनाममध्ये कर्दळीच्या कंदाच्या पिठाच्या शेवया करतात. पण सांडपाण्यावर वाढलेला कंद खाऊ नये, मुलांनाही तसे सांगून ठेवावे.

शेवटी एक महत्त्वाचे. कर्दळ चार घरांच्या मोऱ्यांचे पाणी सांभाळील, सगळ्या वस्तीचे नाही. वालधुनी नदीचा नाला झाला, तो काही नुसत्या मोरीच्या पाण्याने नव्हे. त्यात कारखान्यांची रसायने आहेत, तिथे झाड काय करणार? तेव्हा मागे कर्दळ फुलली म्हणून बांधीव गटाराची मागणी सोडू नका. ठाण्याची महापालिका १९८२ साली झाली, कल्याणची १९८३ साली. इतक्या वर्षांनंतरही दारासमोर उघडे पाणी वाहत असेल तर चाळीतल्या सर्वांच्या सह्यांचा अर्ज प्रभाग कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का व सही घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. तोंडी सांगितलेले कोणत्याही फायलीत लागत नाही.