तुरुंगाची लोडलाइन कुठाय?

मी गोदीत माल उचलतो. गाव कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. शिक्षण मॅट्रिक. कायद्यातलं कमी कळतं, पण वजनातलं कळतं.

जहाजाच्या कुशीवर एक रेघ असते. लोडलाइन. ती पाण्याखाली जाईल एवढा माल भरायचा नाही, हा दर्याचा कायदा. सिमेंटला, भंगाराला एवढी इज्जत आहे. माणसाला नाही. 2022 च्या अखेरीस महाराष्ट्राच्या तुरुंगांत जागा 25 हजारांच्या आसपास, कोंबलेली माणसं 41 हजार. दर पाचांत चार कच्चे कैदी. गुन्हा शाबीत नाही, पण कोठडी पक्की!

या बुडत्या जहाजावर सत्ताधारी नवा माल चढवताहेत. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली. कलम 112 : किरकोळ संघटित गुन्हा. टोळीतल्या पोरानं खिसा मारला, तिकिटं काळ्या बाजारात विकली, मटका घेतला की किमान 1 वर्ष, कमाल 7. जुन्या दंडविधानात साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत होती, किमान काहीच नव्हती. जुलै 2025 मध्ये विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र.

माझी आजी म्हणायची, "पावने आनतस, पन निजवशीन कोटी?" सभागृहात एवढं विचारणारी एक म्हातारी नाही.

म्हणतात, कलम 479 आहे ना! पहिल्यांदा सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की सुटका. पण मेख त्याच कलमात आहे : नावावर एकाहून जास्त गुन्हे चालू असले तर सुटका नाही. म्हणजे नवी कलमं जितकी जास्त, तितकी एकाच पोरावर दोन-दोन लावणं सोपं. दार उघडणारं कलम एक, कडी घालणारी पन्नास.

आणि आत कोण? 1871 साली इंग्रजानं जमातीच गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो कायदा गेला, खोड गेली नाही. तुरुंगात झाडू जात बघून द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 ला सांगावं लागलं. घटना लागू होऊन 74 वर्षं झाल्यावर!

शहाणे म्हणतील, नवे तुरुंग बांधा. नाही बाबांनो! बांधलेली कोठडी रिकामी राहत नाही, आणि ती भरायला आमचीच वस्ती जवळ पडते.

आमचं म्हणणं सरळ आहे. विधेयकाला पैशाचं वित्तीय ज्ञापन जोडता, तसं माणसांचंही जोडा. या गुन्ह्यानं किती जण आत जातील, किती दिवस, निजतील कुठं, डॉक्टर कोण, पहाऱ्याला कोण? रेघ बुडालेली असेल तर कलम मागं घ्या. आधी कच्चे कैदी खाली उतरवा.

जादा माल चढवायला लावला की गोदीत आम्ही हात थांबवतो. दोस्तहो, आता यांचे हात थांबवायचेत.

जय भीम!