तिरोड्याची वीज आणि वैनगंगेचे तापमान

मे महिन्यात पूर्व विदर्भातील पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा विजेची मागणी शिखरावर असते आणि वैनगंगेचा प्रवाह तळाला गेलेला असतो. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीज प्रकल्पाच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. अदानी पॉवर कंपनीचे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच येथे २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाले. या ३,३०० मेगावॉट प्रकल्पाची तहान वैनगंगा भागवते. त्यामुळे प्रकल्पाचा नदीच्या तापमानावर नेमका काय परिणाम होतो, हे कसे मोजायचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

कोळशातील ऊर्जेपैकी जेमतेम ४० टक्के ऊर्जेची वीज होते. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराड्यातून जातो, तर मोठा भाग कंडेन्सरमधील पाणी शोषून घेते. हे पाणी थेट नदीत सोडायचे आणि त्याच्या तापमानातील वाढ दहा अंशांपर्यंत मर्यादित ठेवायची, तर तिरोड्याएवढ्या प्रकल्पाला ढोबळ हिशेबाने सेकंदाला ९० ते १०० घनमीटर पाणी लागेल. उन्हाळ्यातील वैनगंगेवर एवढा भार टाकणे अशक्यच. म्हणूनच १ जून १९९९ नंतर उभारल्या जाणाऱ्या आणि नदी, तलाव वा जलाशयाचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक प्रकल्पांना शीतकरण मनोरे सक्तीचे करण्यात आले.

मनोऱ्यांमुळे गरम पाण्याचा लोंढा टळतो. परंतु नदीचा प्रश्न संपत नाही. मनोऱ्यात उष्णता वाफेच्या रूपाने हवेत जाते आणि तेवढे पाणी नदीला कायमचे मुकावे लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मनोरे असलेल्या जुन्या प्रकल्पांसाठी एका मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिली. या मर्यादेत राहूनही ३,३०० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला सुमारे २७ कोटी ७० लाख लिटर पाणी वापरू शकतो. प्रवाह जितका उथळ आणि संथ, तितका तो उन्हात लवकर तापतो. अर्थात, नदी केवळ गरम पाणी सोडल्याने तापते असे नव्हे. पाणी उचलल्यानेही ती तापू शकते.

याचा फटका प्रथम माशांना बसतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांवर हे प्रमाण सातच्या आसपास येते. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. गोंदिया-भंडारा पट्ट्यातील ढीवर समाजाच्या अनेक कुटुंबांची उपजीविका मासेमारीवर चालते. त्यांच्या दृष्टीने एक-दोन अंशांचा फरकही क्षुल्लक नाही.

येथेच संगणकीय प्रारूपांचे महत्त्व लक्षात येते. तापमापक पाणी किती तापले ते सांगतो. कोणामुळे तापले ते सांगत नाही. सूर्य, हवा, घटलेला प्रवाह आणि प्रकल्प यांचा वाटा वेगवेगळा काढायचा, तर प्रवाह, खोली, वारा, आर्द्रता व ऊन यांच्या नोंदींवरून उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो. प्रकल्प नसता तर नदीचे तापमान किती राहिले असते, याचा अंदाजही अशा हिशेबातूनच मिळू शकतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत टेनेसी नदीकाठच्या सेक्वोया अणुवीज केंद्राच्या उष्ण विसर्गावर अशाच प्रारूपाद्वारे देखरेख ठेवली गेली आहे. नदीची पातळी, धरणांचे विसर्ग आणि पाण्याचे तापमान यांच्या नोंदी प्रारूपाला सतत पुरवल्या जातात आणि ठरलेल्या अंतरावर तापमान किती असेल, याचे गणित होत राहते. महत्त्वाचे म्हणजे, हे गणित प्रत्यक्ष नदीत उतरून केलेल्या मोजणीशी ताडून पाहिले जाते. त्याच नदीवरील ब्राउन्स फेरी केंद्राला २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापल्यामुळे वीजनिर्मिती घटवावी लागली. फ्रान्समध्ये २००३ आणि २०२२ च्या उष्णतेच्या लाटांत याउलट घडले. विजेची गरज पुढे करून काही अणुवीज केंद्रांना तापमानाच्या मर्यादेतून तात्पुरती सवलत देण्यात आली. प्रारूप धोका दाखवू शकते. निर्णय मात्र शासनालाच घ्यावा लागतो.

वैनगंगेसाठी असे प्रारूप उभारणे कठीण नाही. त्याची गणिते जगभर रुळलेली आहेत. केंद्रीय जल आयोग नदीच्या प्रवाहाच्या नोंदी ठेवतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच औष्णिक प्रकल्पांसह मोठ्या प्रदूषक उद्योगांना सांडपाण्याच्या अखंड स्वयंचलित नोंदी बंधनकारक केल्या. गरज आहे ती धापेवाडा बंधाऱ्याच्या वर आणि खाली नदीच्या तापमानाची दर तासाला नोंद घेण्याची, उचललेल्या पाण्याचा हिशेब तिच्याशी जोडण्याची आणि हे सारे जनतेसमोर मांडण्याची. प्रारूप कितीही प्रगत असले, तरी त्याला पुरवलेल्या आकड्यांइतकेच ते प्रामाणिक असते. हे आकडे केवळ प्रकल्पाच्या हाती राहिले, तर नदीकाठच्या गावांचा त्यावर विश्वास बसणार नाही. आणि विश्वासाअभावी उत्तम गणितही कागदावरच राहील.