मुकादमाच्या वहीतले शेवटचे पान



दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात दोन प्रवास होतात. पुण्या-मुंबईची पोरे घराकडे येतात. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्या-वस्त्यांवरची बिऱ्हाडे ट्रॅक्टरमध्ये चढून ऊसतोडीला निघतात. यंदा सेप्सिसवर लिहायचे ठरवले ते या दुसऱ्या प्रवासाकडे पाहून. सणासुदीला हा कसला विषय, असे कुणाला वाटेल. वाटू दे.

जखम छोटीच असते. पाचटाचे पाते पोटरी चिरते, कोयता नडगीला निसटता लागतो. हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची आणि मोळ्या बांधत राहायचे, कारण उचल घेतलेली असते आणि खाडा परवडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हुडहुडी, ताप, गोळी, घाम. मग ताप उतरतो आणि कोपीतली माणसे निर्धास्त होतात. घात पुष्कळदा इथेच होतो. संसर्गाशी झगडताना शरीराचा तोल सुटतो आणि ते स्वतःच्याच अवयवांवर उलटते, तो सेप्सिस. त्यात अंग तापण्याऐवजी गारही पडते. धाप लागते, माणूस भलतेच बरळतो, लघवी कमी होते. आपल्याकडे याला शब्द नव्हता असे नाही. ‘अंगात विष भिनलं’ असे जुनी माणसे म्हणत. फक्त ते आपण माणूस गेल्यावर म्हणतो.

अर्थात कोयताच लागतो असे नाही. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, बाळंतपण, मधुमेह्याच्या पायाची जखम, यांतले काहीही पुरते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. आपल्याकडे यातले कितीतरी मृत्यू ‘हृदयक्रिया बंद पडून’ या शब्दांखाली गडप होतात. हृदय काय, सगळ्यांचेच शेवटी बंद पडते!

दवाखान्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ओपीडीच्या गर्दीत ताप पाहिला जातो, नाडी पाहिली जाते; श्वास मोजायला अख्खे मिनिट लागते, म्हणून केसपेपरवर तो बरेचदा अंदाजानेच उतरतो. आणि मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त श्वास ही तर धोक्याची पहिली खूण. पुढे रक्तदाब कोसळला की अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवे.

श्वास मोजायला डॉक्टरच लागतो का? आपल्याच जामखेडने याचे उत्तर कधीच दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातली झगमगती झुंबरे दाखवून त्या म्हणाल्या, ही सुंदर आहेत पण महाग. मग साधी पणती लावून तिच्यावर दुसरी पेटवली. झुंबराला हे जमत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला शिकवले: बाळ दूध ओढेनासे होते, लुळे पडते, गार लागते, रडणे क्षीण होते. जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले.

या अनुभवानंतर आशाताई घरोघर बाळे पाहू लागल्या. पण आपल्या ऊसतोड्यांचे घर सहा महिने कुलपात. आईची नोंद गावच्या आशाताईकडे आणि बाळ परक्या तालुक्यातल्या कोपीत. दर १३ सप्टेंबरला सेप्सिस दिनाची पोस्टर्स लागतात तीही दवाखान्याच्या भिंतीवर. फडात भिंतच नसते.

म्हणून मुकादमांकडे एक मागणे आहे. तुमच्या वहीत उचलीचा हिशेब असतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर टोळीत गरोदर कोण, साखर कुणाला, ओली बाळंतीण कोण आणि फडाजवळचा दवाखाना कोणता, हे लिहून घ्या. टोळीतल्या दोघी-तिघींना घड्याळ लावून श्वास मोजायला गावच्या आशाताईंकडून शिकवून घ्या; त्याला एक संध्याकाळ पुरते. आणि १०८ ला फोन करताना नुसता ताप सांगू नका. श्वास किती, शुद्ध कशी, जखम कधीची तेही सांगा.

भाऊबीज झाली की ट्रॅक्टर निघतील.