वर्गातल्या तीन जागा



या वेळी एका बातमीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. बातमी अमेरिकेतली आहे, पण तिच्यातला प्रश्न थेट तुमच्या बाकापर्यंत येतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी फ्लोरिडा राज्याचे आरोग्यप्रमुख जोसेफ लॅडापो यांनी जाहीर केलं की, शाळेत जाण्यासाठी मुलांना ज्या लशी घ्याव्याच लागतात, त्यांची सक्ती आम्ही राज्यातून पार काढून टाकणार. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अशी सक्ती म्हणजे गुलामगिरीच, असंही ते म्हणाले. (आणि हे गृहस्थ स्वतः डॉक्टर आहेत बरं का!)

खरं सांगू? गुलामगिरी हा शब्द वाचून मला रागच आला. त्याच अमेरिकेत, त्याच फ्लोरिडात एके काळी माणसं खरोखर विकली जात होती. दंडात टोचलेली सुई आणि पायातली बेडी एकाच मापाने मोजायची म्हणजे काय! पण राग थोडा बाजूला ठेवला, तर मागे एक प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो काही फालतू नाही. माझ्या किंवा माझ्या मुलाच्या शरीरात काय टोचायचं, हे कोणी ठरवायचं? मी, की सरकारने?

त्याच वर्षाच्या सुरुवातीला टेक्सास राज्यात काय झालं ते आधी पाहू. जानेवारीच्या अखेरीस तिथल्या गेन्स परगण्यात गोवराची साथ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचं जाहीर होईपर्यंत राज्यात ७६२ रुग्णांची नोंद झाली. शाळकरी वयाच्या दोन मुली दगावल्या. दोघींनीही गोवराची लस घेतलेली नव्हती. आणि हा तो देश, ज्याने २००० साली गोवर आपल्याकडून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं.

“गोवर ना? त्यात काय एवढं!” असं तुमची आजी म्हणेल. तिच्या लहानपणी घरोघरी गोवर निघायचा. अंगभर लाल पुरळ, उशाशी कडुलिंबाचा पाला, अंधारी खोली आणि आठ-दहा दिवस शाळेला बुट्टी. बहुतेक मुलं बरी व्हायची, हे खरंच आहे. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. कुणाला न्यूमोनिया व्हायचा, कुणाच्या मेंदूला सूज यायची, कुणाची दृष्टी जायची. १९६३ मध्ये लस आली, त्याआधी जगात दर वर्षी सुमारे २६ लाख लोक गोवराने मरत असत. २०२३ मध्येसुद्धा लाखाहून अधिक मेले, आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली बाळं होती.

या आजाराची आणखी एक खोडी २०१९ च्या संशोधनातून नीट कळली. आपलं शरीर पूर्वी ज्या ज्या जंतूंशी लढलेलं असतं, त्यांची एक नोंदवही ठेवतं. गोवराचा विषाणू त्या वहीची पानंच फाडून टाकतो. म्हणजे गोवर बरा झाला तरी जुने शत्रू मुलाला पुन्हा नव्याने गाठू शकतात.

आता तो पसरतो कसा ते बघा. रुग्ण खोकला, शिंकला की विषाणू हवेत तरंगतात आणि बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकून राहतात. म्हणजे आजारी मुलगा चित्रकलेच्या वर्गातून निघून गेला, मागाहून दुसरी तुकडी आत आली, तरी तिच्यातल्या एखाद्याला लागण होऊ शकते. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरू लागतो. तेव्हा मुलाला नुसता ताप, सर्दी-खोकला असतो, डोळे लाल असतात. तो बिचारा शाळेत येतो, डबा वाटून खातो. कुणाला पत्ताच नसतो. कुणाचंच संरक्षण झालेलं नसेल अशा ठिकाणी एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो.

म्हणून गोवराला अडवायचं तर शंभरांतल्या ९५ जणांना लस मिळालेली हवी, असं डॉक्टर सांगतात. तुमच्या वर्गात ६० मुलं आहेत असं धरू. त्यांतल्या ५७ जणांनी लस घेतली असेल तर विषाणूला पुढे जायला वाटच सापडत नाही. मग राहिल्या तीन जागा. मला वाटतं, सगळा वाद खरं तर या तीन जागांचा आहे.

त्या कुणाच्या? एखाद्या मुलीला रक्ताचा कर्करोग झालेला असतो, तिची औषधं चालू असतात. एखाद्या मुलाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं असतं. गोवराच्या लशीत जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो, त्यामुळे अशा मुलांना ती देताच येत नाही. त्यांनी नको म्हटलेलं नसतं, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं! ती मुलं शाळेत येऊ शकतात ती उरलेल्या ५७ जणांच्या भरवशावर. एखाद्या धडधाकट मुलाच्या घरच्यांनी ‘आमची मर्जी’ म्हणून लस नाकारली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, की त्या तीन जागा संपल्या. मग त्या आजारी मुलीने काय करायचं? घरी बसायचं. तुमच्या मर्जीची किंमत तिने तिच्या शाळेने चुकवायची. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकण्याचा हक्क आहे असं आपली राज्यघटना सांगते. तो हक्क तिचाही आहे ना?

आणि नाकारणाऱ्यांची मुलं तरी सुखात असतात का? २०२५ च्या शरद ऋतूत साउथ कॅरोलायना राज्यात साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या शंभराहून अधिक मुलांना २१ दिवस शाळेबाहेर राहावं लागलं.

मग सरळ सक्तीच करावी? थांबा. आपल्याला या बाबतीत जुना अनुभव आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला होता. साथ आवरायला हवी होती यात शंकाच नाही, पण रँडसाहेबाने गोरे सोजीर घराघरांत घुसवले, देवघरंसुद्धा सोडली नाहीत. पुढे चापेकर बंधूंनी काय केलं ते तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता. त्याने ती पहिल्यांदा कुणाला टोचली माहीत आहे? स्वतःला! परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. रँड आणि हाफकिन, दोघांनाही प्लेगच थांबवायचा होता.

अमेरिकेतल्या न्यायालयांनी शाळेतल्या सक्तीला शंभर वर्षांपूर्वीच मान्यता दिली. १९२२ चा तो खटला टेक्सासमधलाच होता. आपल्याकडे मात्र शाळाप्रवेशासाठी लस हवीच, असा देशभरचा कायदा नाही. शाळांमधून गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं की पालकांची संमती घ्या आणि लशीचे फायदे-तोटे त्यांना सांगा. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, कोविडच्या लशीसंदर्भात, कुणाला जबरदस्तीने टोचता येणार नाही असं म्हटलं. मात्र सर्वांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, हेही सांगितलं. मला हा रस्ता पटतो. आईबाबांनी लस घेतली नाही म्हणून मुलाला शाळेच्या दारातून परत पाठवणं मला तरी बरोबर वाटत नाही. यात त्याचा काय दोष?

पण विचारायचं कुणाला, हेही ठरवायला नको का? महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात ती मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर अफवांचा नुसता पूर आला होता. गोवराच्या लशीने स्वमग्नता येते, ही तर जगभर फिरलेली अफवा. तिचं मूळ अँड्रयू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या १९९८ मधल्या लेखात. अवघ्या बारा मुलांवरून लिहिलेला हा लेख खोटा ठरला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि वेकफील्डचा परवानाही गेला. लशीनंतर एखाद्याला ताप येतो, थोडं पुरळ उठतं. दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला तीव्र ॲलर्जी होते. हे लपवायचं कशाला? उघड सांगितलं की भीती कमी होते, असा माझा तरी समज आहे.

लशीची जन्मकथाही सांगून टाकतो, कारण तिचा नायक तुमच्यासारखाच होता. १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवर पसरला. डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या घशातून आणि रक्तातून डॉक्टरांनी विषाणू मिळवला. प्रयोगशाळेत तो वाढवत वाढवत अशक्त केला आणि त्याचीच लस झाली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट जी गोवराची लस बनवते, तिच्यातला विषाणूही त्याच कुळातला. नाव एडमन्स्टन-झाग्रेब!

आता आपल्या जवळची गोष्ट. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली आणि काही चिमुरडी दगावली. तिथे काही जण लशीला बिचकत होते, पण कोविडच्या काळात कित्येक बाळांच्या लशी राहूनच गेल्या होत्या. रोजंदारी बुडवून बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं, हा प्रश्न फ्लोरिडातल्या भाषणात येत नाही. लस नाकारण्याच्या हक्कावर जग एवढं भांडतं. वेळेवर लस मिळण्याच्या हक्कासाठी गोवंडीतल्या बाळाच्या बाजूने कोण भांडणार?

तर, तुमचं स्वतःचं काय? तुमच्या डाव्या दंडावर जो छोटा वण असेल तो क्षयरोगाच्या, म्हणजे बीसीजीच्या लशीचा. गोवराची लस उजव्या दंडावर टोचतात आणि तिची काही खूण राहत नाही. म्हणून लसीकरणाचं कार्डच शोधायला हवं. त्यावर गोवर, एमआर किंवा एमएमआर असं लिहिलेलं असेल, आणि त्यापुढे दोन तारखा हव्यात, एक साधारण नवव्या महिन्यानंतरची आणि दुसरी दीड वर्षाच्या आसपासची. एकच असेल, किंवा कार्ड सापडलंच नाही, तर आईबाबांबरोबर जाऊन डॉक्टरांना विचारा. धाकटं भावंडं असेल तर आशाताईंनाही विचारता येईल. कार्ड बहुधा कपाटात वरच्या खणात असतं, रेशनकार्ड आणि जन्मदाखला असलेल्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत.