डुलणारा कमोड
कमोड डुलू लागला की घरातले आधी बसायची पद्धत बदलतात, प्लंबर नंतर आठवतो. बहुतेकदा दोष तळाच्या स्क्रूंचा असतो. लोखंडी स्क्रू ओलीने गंजतात, फरशीतली प्लॅस्टिकची गिट्टी सैल पडते. गिट्टी बदलून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा, पण दोन्हीकडून आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. जोर केलात तर चिनीमातीला तडा जातो. नुसतं कडेने व्हाइट सिमेंट फासणं ही आपल्या सोसायट्यांची लाडकी मलमपट्टी. हलत्या कमोडखाली त्याचा भुगाच होणार. सिलिकॉन लावत असाल तर मागे बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे आतला सांधा गळत असेल तर पाणी तिथून दिसेल. नाहीतर ती बातमी खालच्या मजल्यावरच्या काकू आणतात, छताच्या फोटोसकट.