सदाहरित रोपांची परीक्षा वैशाखात

रोपवाटिकांमध्ये सर्वाधिक गर्दी जून-जुलैत होते आणि निवड चुकते तीही तेव्हाच. पहिल्या सरींनंतर पानगळीचं झाडसुद्धा सदाहरितासारखंच तरारलेलं दिसतं. ज्या ग्राहकाला बारमाही हिरवी बाग हवी आहे, त्याला आत्ता, मे महिन्यात, वाढलेली झाडं दाखवायला न्या. वैशाखाच्या उन्हात ज्याची पानं टिकली, तेच झाड त्याच्या कामाचं.

दुसरी चूक आपल्या व्यवसायातली. सह्याद्रीतल्या झाडांची यादी आपण जशीच्या तशी देशावरच्या बागेत उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पुण्यात सरासरी सातशेच्या आसपास. सीता अशोक देशी आहे, तांबूस लोंबती पालवी देखणी आहे, म्हणून तो पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगत लावला तर पानांच्या कडा करपणारच. त्याला अर्धी सावली आणि मुळाशी ओल हवी. नुसतं ‘देशी’ असणं पुरत नाही. पाऊस, माती आणि ऊन जुळलं पाहिजे.

देशावर माझा भरवसा बकुळ आणि खिरणीवर. दोन्हींची पानं जाड, चिवट. वाढ मात्र संथ. कुंपणाला करवंद उत्तम: छाटणी सोसतं, पाणी थोडं मागतं, फळंही देतं. माकडलिंबू आपल्या रोपवाटिकांत क्वचितच दिसतो, याची खंत वाटते. राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात. कुंतीचं कुंपण सुरेखच, पण मोसंबी-संत्र्याच्या बागेजवळ ते सुचवू नका; ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही पोसली जाते. किनाऱ्यावर खारा वारा झेलायला उंडी आहेच.

झटपट हिरवाईसाठी कोनोकार्पस मागणारे ग्राहक आजही येतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपण बंदीची वाट का पाहावी?

सदाहरित झाडाचीही पानं गळतात, हे विक्रीच्या वेळीच सांगा. जांभळाखाली पाचोळा साचला की सोसायट्यांच्या तक्रारी सुरू होतात. जुनी पानं जाताना नवी येत असतात, एवढं आधी समजलेलं असेल तर कुऱ्हाड थांबते. तो पाचोळा आळ्यातच पसरायला सांगा.

आता थोडं आपल्या तयारीविषयी. जांभूळ आणि सीता अशोकाचं बी वाळलं की रुजत नाही. पावसाच्या तोंडाशी मिळेल ते बी साठवून न ठेवता लगेच पेरा. ते परवानगी घेऊन शहरातल्या बागांमधून गोळा करा, देवराईतून नको. बकुळीची रोपं दोन-तीन वर्षं मोठ्या पिशव्यांत वाढवा, मुळं गुंडाळली जाण्याआधी पिशवी बदला, आणि त्या वर्षांचा खर्च धरूनच त्यांचा दर लावा.